बाणाची काठी

तुळजापुरास जाऊन आलेल्या माणसाला देवीच्या हातीं कोणतीं शस्त्रें आहेत, असें सहज विचारून पहावें. त्रिशूळ तो बहुधा सांगतो, आणि मग लगेच तरवारीच्या कथेकडे वळतो. भवानीनें शिवछत्रपतींना तरवार दिली ही कथा आम्हां महाराष्ट्रीयांच्या मनांत इतकी खोल रुजली आहे कीं, गाभाऱ्यांतील मूर्तीच्या हातांत प्रत्यक्ष काय आहे हें पाहण्याचें भान आम्हांस राहत नाहीं. गंडकी शिळेच्या त्या अष्टभुजा मूर्तीच्या एका उजव्या हातांत बाण आहे, एका डाव्या हातांत धनुष्य आहे, आणि पाठीशीं बाणांचा भाता आहे. आठांपैकीं दोन हात आणि वर पाठ, इतका वांटा ज्या शस्त्राला मिळाला, तेंच भक्तांच्या स्मरणांतून सर्वांत आधीं गळून पडावें, ही गोष्ट आम्हांला पुष्कळ दिवस खटकत होती.

देवीच्या हातांतील बाण दगडाचा. त्याची काठी वेळूची कीं बोरूची, असें कोणी विचारीत नाहीं. आम्ही तें विचारण्याचें धाडस करीत आहों. बाण म्हटला कीं डोळ्यांपुढें त्याचें टोंक येतें. पुराणिकबुवा बाणाचें तेज वर्णितात, वेग वर्णितात, तो कोणाच्या छातींत रुतला तें सांगतात. ज्या काठीवर तें टोंक बसतें तिच्याविषयीं चकार शब्द नाहीं. काठीचा विचार करणारा मनुष्य पुराणिक नव्हता आणि बखरकारहि नव्हता. तो कारागीर होता, व त्यानें कांहीं लिहून ठेवलें नाहीं. परंतु धनुर्विद्येचें निम्म्याहून अधिक मर्म त्या काठींत होतें, असें आमचें मत झालें आहे. तें कसें झालें, हें सांगावयाचें म्हणजे परांड्याच्या किल्ल्यापासून आरंभ केला पाहिजे.

परांडा हा धाराशिव जिल्ह्यांतला, म्हणजे इ. स. २०२३ पर्यंत ज्याचें सरकारी नांव उस्मानाबाद होतें त्या जिल्ह्यांतला, भुईकोट. अहमदनगर मोंगलांच्या हातीं गेल्यावर निजामशाहीची गादी कांहीं काळ येथें होती. इ. स. १६३४ त महाबतखानानें या किल्ल्याला वेढा घातला, पण किल्ला त्याच्या हातीं आला नाहीं. अहमदनगरास इ. स. १५४९ मध्यें ओतलेली मलिक-इ-मैदान ही प्रचंड तोफ पूर्वीं येथेंच होती; इ. स. १६३२ त मुरार जगदेवानें ती विजापुरास नेली. आज ती परांड्यास नसली तरी दुसऱ्या तोफा आहेत, आणि गोळे तर अजून आहेत. आम्ही किल्ला पाहावयास गेलों तेव्हां हें सारें पाहून झाल्यावर बरोबरच्या वृद्ध गृहस्थांना विचारलें, "इथें तीर ठेवीत असतील, ते कुठें?" गृहस्थ हंसले आणि म्हणाले, "तीर कसे राहतील, साहेब? काठ्याच त्या!"

या उत्तरांत एक सबंध विषय आहे. तोफेचा गोळा चारशें वर्षें पडून राहतो. तीर, ज्याचा उपयोग त्याच किल्ल्याच्या तटावरून गोळ्यांपेक्षां कितीतरी अधिक वेळां झाला असेल, तो दहा पावसाळ्यांतहि उरत नाहीं. उरलेंच तर त्याचें लोखंड उरतें. म्हणून संग्रहालयांत आपण बाण पाहत नाहीं, बाणांचे फाळ पाहतों, आणि फाळांवरून बाणाचा इतिहास लिहितों. विदर्भांत माहुरझरी, नायकुंड इत्यादि ठिकाणीं शिळावर्तुळांचें उत्खनन झालें, तेव्हां कुऱ्हाडी, खंजीर यांच्या जोडीला लोखंडी बाणाग्रेंहि निघालीं. नायकुंडास तर लोखंड गाळण्याची भट्टीच सांपडली. इतक्या प्राचीन काळीं लोहार काय करीत होता हें आम्ही आज बऱ्याच खात्रीनें सांगूं शकतों. त्याच्या शेजारीं बसून काठी निवडणारा, शेकून सरळ करणारा, पिसें बांधणारा जो कोणी होता, त्याचा मागमूस नाहीं. मातींत जें टिकतें तेंच महत्त्वाचें होतें, अशी एक समजूत नकळत आपल्या मनांत शिरते. बाणाच्या बाबतींत ती अगदीं उलटी आहे. हातांत जें टिकावें म्हणून सर्वांत अधिक काळजी घेतली, तेंच मातींत टिकलें नाहीं.

सुदैवानें मातीनें जें राखलें नाहीं त्यांतलें थोडें ग्रंथांनीं राखलें आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आयुधागाराच्या अध्यक्षाचीं कर्तव्यें सांगणारा एक अध्याय आहे. तेथें धनुष्यें ताडाचीं, वेळूचीं, लांकडाचीं व शिंगाचीं असें सांगून, दोऱ्या मूर्वेच्या, रुईच्या, तागाच्या, स्नायूच्या असें मोजून, मग बाणांकडे तो वळतो. वेणु, शर, शलाका, दंडासन आणि नाराच असे बाणांचे पांच प्रकार तो देतो. वाचकांनीं ध्यानांत घ्यावें कीं हे प्रकार टोंकांवरून पाडलेले नाहींत. वेणु म्हणजे वेळू, शर म्हणजे बोरूच्या जातीचें पोकळ गवत, शलाका म्हणजे लांकडाची कांडी, आणि नाराच तो सबंध लोखंडाचा. पहिला विचार काठीचा. टोंकांचा विचार त्यानंतर येतो, व तो केवळ तीन शब्दांत आटोपतो: छेदणारीं, भेदणारीं व ताडन करणारीं, आणि तीं लोखंडाचीं, हाडाचीं अथवा लांकडाचीं असावींत.

या तीन शब्दांचें कौतुक करावें तितकें थोडें. छेदणारें टोंक म्हणजे दोन्ही बाजूंस धार असलेलें रुंद पातें. तें मांस कापीत जातें, व शिकार रक्तस्रावानें पडते. भेदणारें म्हणजे अरुंद, जाड व अणकुचीदार. त्याला धार नसते, पण चिलखताच्या कड्यांतून तें आरपार जातें. ताडन करणारें म्हणजे बोथट. तें रुततच नाहीं, नुसता ठोसा देतें, आणि झाडावरच्या पक्ष्याला पिसें न बिघडवितां खालीं पाडतें. आज अमेरिकेंत तिरंदाजीच्या शिकारीचें सामान विकणाऱ्या दुकानांत जावें, तर तेथेंहि मुख्यत्वें हींच तीन टोंकें मांडलेलीं दिसतील. रुंद पातें हरणासाठीं, सुईसारखें टोंक सरावासाठीं, व बोथट टोंक ससे-पक्ष्यांसाठीं. दोन हजार वर्षांत पोलाद सुधारलें, घाट सुधारला, पण चौथा प्रकार कोणाला सुचला नाहीं.

हाडाचें टोंक वाचून कोणी नाक मुरडूं नये. लोखंड महाग असतांना सरावाच्या बाणाला हाड किंवा कठीण लांकूड पुरतें. याच जिल्ह्यांतलें तेर, म्हणजे पेरिप्लसमध्यें वर्णिलेलें तगर, सातवाहनांच्या काळीं मोठी बाजारपेठ होती, फ्लीटसाहेबानें इ. स. १९०१ त ती ओळख पटविली, आणि इ. स. १९५८ त चापेकरांनीं तेथें उत्खनन केलें. तेरला मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ति पाहिली म्हणजे त्या काळच्या कोरक्यांचा हात किती बसलेला होता तें कळतें. ज्या हातांनीं हस्तिदंत इतका नाजूक कोरला जाई, त्या हातांना हाडाला अणी काढणें म्हणजे फावल्या वेळचें काम.

पण अर्थशास्त्रांतील त्या अध्यायांतली आमच्या विषयाला सर्वांत जवळची गोष्ट निराळीच आहे. शस्त्रें वरचेवर जागा बदलून ठेवावींत, त्यांना ऊन व वारा द्यावा, आणि उष्मा, ओल व कीड यांनीं जें बिघडूं लागेल तें दुसरीकडे हलवावें, असें तेथें अध्यक्षाला बजावलें आहे. लोखंडाला कीड लागत नाहीं. हा सारा खटाटोप काठ्यांसाठीं. वेळू तोडून आणला आणि कोपऱ्यांत उभा केला तर सहा महिन्यांत त्यांतून पीठ गळूं लागतें, हा अनुभव घराला कामट्या घालणाऱ्या प्रत्येकाला आहे. म्हणूनच आमचे शेतकरी वेळू हिंवाळ्यांत आणि अंधाऱ्या पंधरवड्यांत तोडतात. अंधाऱ्या पंधरवड्याचें कारण कोणी कांहींहि सांगो, हिंवाळ्याचें कारण पटण्यासारखें आहे: त्या दिवसांत वेळूंतला पिठूळ रस कमी असतो व किड्याला खाद्य मिळत नाहीं. कोंवळा वेळू कोणी घेत नाहीं. निदान तीन वर्षांचा, वाजविला असतां खणखणणारा पाहतात.

काठी कशी निवडावी याचे स्पष्ट नियम शार्ङ्गधरानें दिले आहेत. इ. स. १३६३ त रचलेल्या त्याच्या पद्धतींत धनुर्वेदाचें एक प्रकरण आहे. शर फार जाड नसावा, फार बारीकहि नसावा. वाईट जमिनींत वाढलेला, पेरीं हीन असलेला, चिरलेला तर मुळींच घेऊं नये. पेरीं भरलेला, पिकून पांढुरका झालेला, योग्य ऋतूंत काढलेला घ्यावा. जाडी करंगळीइतकी व लांबी मूठभर कमी दोन हात. या यादींत शोभेची एकहि अट नाहीं. प्रत्येक अट मोडतोडीच्या अनुभवांतून आलेली आहे. वाईट जमिनींत वाढलेला शर एका बाजूला जाड व दुसऱ्या बाजूला पातळ होतो. वरून तो सरळ दिसला तरी ओढीखालीं एकीकडेच वांकतो. बारीकशी चीर डोळ्यांना दिसत नाहीं, पण धनुष्य पूर्ण ओढून सोडलें कीं काठी तेथेंच फाटते, आणि तिची ढलपी समोर न जातां धनुष्य धरणाऱ्याच्या मनगटांत घुसते. शत्रूच्या बाणाइतकेंच स्वतःच्या बाणाचें भय बाळगावें, हें जुन्या धनुर्धरांना चांगलें ठाऊक होतें.

शार्ङ्गधराचा आणखी एक भेद मौजेचा आहे. ज्या काठीचा पुढचा भाग जाड ती स्त्री, मागचा जाड तो पुरुष, आणि सर्वत्र सारखी ती नपुंसक. पहिली दूर जाते, दुसरा खोल भेदतो, व तिसरी नेमबाजीला उत्तम, असें तो म्हणतो. नांवें ऐकून हंसूं येईल. पण सरावाला सारख्या जाडीची काठी घ्यावी हा निर्णय पूर्ण खरा आहे. सराव म्हणजे एकच कृति शंभरदां जशीच्या तशी करणें. शंभर बाण शंभर जातींचे असले तर चूक हाताची कीं काठीची हें शिकणाऱ्याला कधींच कळणार नाहीं.

येथें थोडें यंत्रशास्त्र सांगणें भाग आहे. बाण दोरीला लावला म्हणजे त्याची काठी धनुष्याच्या दांड्याच्या एका कडेला टेकलेली असते. दोरी मात्र सुटतांच मध्यावर येऊं पाहते. मग बाण दांड्यावर आपटून बाजूला कां जात नाहीं? तो जात नाहीं, कारण तो वांकतो. मागून दोरीचा धक्का बसतांच काठी कमानीसारखी वांकते, दांड्याला वळसा घालते, मग उलट बाजूस वांकते, आणि अशी माशासारखी लवत लवत पुढें गेल्यावर सरळ होते. डोळ्यांना यांतलें कांहीं दिसत नाहीं. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत अमेरिकेंत अतिवेगवान कॅमेऱ्यानें चित्रें घेतलीं, तेव्हां तें प्रथम स्पष्ट दिसलें. म्हणजे काठीचा ताठरपणा हा धनुष्याच्या जोराशीं जुळला पाहिजे. मऊ काठी एका बाजूला जाते, फार ताठर काठी दुसऱ्या बाजूला. आज हा ताठरपणा मोजतात तो असा: २८ इंचांच्या अंतरावर दोन आधार देऊन त्यांवर काठी आडवी ठेवतात, मध्यें ८८० ग्रॅम वजन टांगतात, आणि ती किती झुकली तें पाहतात. जुना कारागीर तीच काठी दोन्ही हातांच्या बोटांत धरून आंगठ्यांनीं दाबून पाहत असे. त्याच्या आंगठ्यांना आंकडे येत नव्हते इतकेंच.

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे फाळाचा प्रश्नहि वस्तुतः काठीचाच होऊन बसतो. बाण कोठें मोडतो? मध्यें फारसा मोडत नाहीं. फाळाच्या लगेच मागें मोडतो. फाळ दगडावर किंवा हाडावर आदळून थांबतो, मागची काठी वेगांतच असते, आणि सगळा आघात त्या बोटभर जागेंत सांचतो. म्हणून फाळ बसविण्याच्या दोन रीती पडल्या. एकींत फाळाला मागें देठ असतो व तो काठीच्या पोकळींत खुपसून डिंकानें अथवा लाखेनें चिकटवितात. दुसरींत फाळाच्या मागें खोबण असते व ती काठीच्या टोंकावर टोपणासारखी चढवितात. देठ हलका, करावयास सोपा; पण आघात होतांच तो पाचरीसारखा आंत सरकतो व काठी उभी चिरतो. त्यावर उपाय म्हणून बाहेरून ओल्या स्नायूचे वेढे घट्ट गुंडाळीत. वाळतांना ते आवळतात व पोलादी कड्याप्रमाणें काठीला धरून ठेवतात. बोरूच्या काठीला आणखी एक तोड होती: पुढें वीतभर कठीण लांकडाची कांडी बसवून तिच्यांत फाळ घालीत. मग तुटली तर कांडी तुटे, काठी वांचे. उत्तर हिंदुस्थानांतील मोंगली तिरांत ही युक्ति पुष्कळ दिसते. शार्ङ्गधरानेंहि गोपुच्छ नांवाचें एक टोंक सांगितलें आहे. तें शुद्ध लांकडाचें असून तोंडाला तीन अंगुळें लोखंडी कांटा बसवितात. आमच्या मतें हें सरावाचेंच टोंक असलें पाहिजे, कारण लांकूड बदलतां येतें, कांटा परत वापरतां येतो, आणि हें सामान गांवच्या सुताराकडेहि मिळतें. क्षुरप्र, अर्धचंद्र, सूचीमुख, वत्सदंत, काकतुंड हीं त्याचीं इतर टोंकें ऐकावयास अधिक भारदस्त आहेत खरीं. त्यांतल्या भल्लाचा वंशज भाला तर अजून आमच्या भाषेंत नांदतो.

फाळाला पाणी देण्याचीहि कृति तेथें आहे. पांच प्रकारचीं मिठें, मोहरी व मध यांचा लेप देऊन फाळ तापवावा, त्याला मोराच्या मानेचा रंग आला म्हणजे स्वच्छ पाणी पाजावें. लेपाचा गुण किती होता याविषयीं वाद होईल. मोराच्या मानेच्या रंगाविषयीं होणार नाहीं. तापविलेल्या पोलादावर पिंवळा, मग जांभळा, मग निळा असे रंग चढतात, आणि निळ्या रंगाला पोलाद चिवट होतें, हें आजचा कोणताहि लोहार सांगेल. उष्णतामापक यंत्र नसतां रंगावरून उष्णता ओळखणें हें शास्त्रच होय. सबंध लोखंडी नाराचाविषयीं मात्र ग्रंथकार स्वतःच कबूल करतो कीं तो एखाद्यालाच साधतो. टिकाऊपणांत त्याची बरोबरी कोणती काठी करील? पण तो वांकत नाहीं, जड असतो, लवकर खालीं येतो. टिकाऊ तें सर्वच उपयोगी नसतें.

आतां पुन्हा आमच्या प्रांताकडे. उमरग्याच्या पूर्वेस, आज कर्नाटकांत असलेलें कल्याणी हें चालुक्यांचें राजधानीचें शहर. धाराशिवचा मुलूख त्यांच्याच अमलाखालीं होता. तेथील राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२९ च्या सुमारास मानसोल्लास हा ग्रंथ रचला. त्यांत राजाच्या विनोदांमध्यें शस्त्रविनोद आहे, आणि मृगयाविनोद तर विस्तारानें आहे; हरणांच्या शिकारीचेच कितीतरी प्रकार त्यानें वर्णिले आहेत. त्याच काळच्या आसपासचे वीरगळ आमच्या गांवांच्या वेशींपाशीं ऊनपाऊस सोसीत उभे आहेत. त्यांवर धनुष्य ओढलेले वीर पुष्कळदां दिसतात. शिल्पकारानें बाणासाठीं एक सरळ रेघ कोरली आहे. त्याच्याकडून अधिक अपेक्षा करणें रास्त नव्हे.

बहामनी काळांत धनुष्याचें रूप पालटलें. मध्य आशियांतून आलेल्या घोडेस्वारांचें धनुष्य शिंग, लांकूड व स्नायू सरसानें जोडून केलेलें, आंखूड व अत्यंत जोरकस. फिरिश्ता सांगतो कीं विजयनगरच्या देवरायानें आपल्या पराभवांचीं कारणें विचारलीं, तेव्हां शत्रूचे घोडे व शत्रूचे तिरंदाज हीं दोन त्याला सांगण्यांत आलीं. मग त्यानें मुसलमान तिरंदाज चाकरीस ठेवून आपल्या लोकांना ती विद्या शिकविली. इ. स. १५६५ च्या राक्षसतागडीच्या रणांतहि, फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणें, हुसेन निजामशहानें तोफांच्या पुढें दोन हजार परदेशी तिरंदाज उभे केले होते. त्यांनीं शत्रूला जवळ ओढलें व मग मागें हटून तोफांना वाट करून दिली. तीर आणि तोफ एकाच दिवशीं एकाच कामाला लागल्याचें हें चित्र आमच्या मनांतून जात नाहीं. मात्र दक्षिणेच्या पावसाळ्यांत त्या परदेशी धनुष्यांचा सरस ढिला पडे. म्हणूनच हिंदुस्थानांत पोलादी धनुष्यें निघालीं. तीं दुबळीं, पण शस्त्रागारांत वर्षानुवर्षें पडून राहिलीं तरी न बिघडणारीं. धनुष्याला पोलाद चाललें, काठीला नाहीं. तिच्यासाठीं पुन्हा बोरू आणि वेळूच.

यापुढें आमच्या भाषेंत एक घोटाळा झाला, आणि त्यानें भल्याभल्यांना फसविलें आहे. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या मराठी कागदांत बाण म्हणजे पुष्कळदां तीर नव्हे. तो दारूचा बाण: लोखंडी नळकांडें दारूनें ठासून भरलेलें, आणि कातडी वादीनें एका लांब वेळूला बांधलेलें. तो पेटवून सोडीत. उंटांवर लादून लढाईस नेत. बाणदार म्हणजे धनुर्धारी नव्हे, हे बाण सोडणारा. सभासदानें तिरंदाज लिहिले आहेत, ते मात्र खरे धनुर्धारी. तेव्हां पेशवाईच्या पत्रांत बाणांचा मारा झाला असें वाचून जे लेखक भारतीय युद्धाची उपमा देतात, त्यांनीं थोडें थांबावें. आमचेंहि पूर्वीं असेंच झालें होतें, म्हणून सांगतों. पण गंमत अशी कीं या नव्या बाणालाहि काठी सुटली नाहीं. मागचा वेळू लांब व सरळ नसला तर तो बाण कोणीकडेहि भरकटे, आणि प्रसंगीं आपल्याच लोकांत उलटे.

तीर मागें पडला तो बंदुकीमुळें, आणि मागें पडला तरी म्हणींत राहिला. लागला तर तीर, नाहीं तर तुक्का, असें आपण म्हणतों. तुक्का म्हणजे अंदाज, असा त्याचा अर्थ आज मुलें करतात. मूळचा तुक्का म्हणजे फाळ नसलेला, बोथट, सरावाचा बाण. म्हण सांगते ती गोष्ट साधी आहे: शिकारींत लागला तर म्हणावें तीर होता, चुकला तर म्हणावें सरावच चालला होता.

खानदेशांतल्या भिल्लांनीं ती विद्या सर्वांत अधिक काळ जतन केली. त्यांचा कामठा वेळूचा, दोरीहि वेळूच्याच चिवट सालीची. काठी बोरूची किंवा बारीक वेळूची, आणि तिला लोखंडी पातें अथवा पक्ष्यांसाठीं बोथट टोंक. इ. स. १८२५ त औट्रमनें भिल्लांची पलटण उभी केली व त्यांच्या हातीं बंदुका दिल्या, तरी घरीं कामठा राहिलाच. आमच्या धाराशिवकडील माळावर मात्र शिकारी म्हणजे फासेपारधी, आणि त्यांचें नांवच सांगतें कीं त्यांचें साधन फासा. आम्हांला वाटतें, उघड्या माळावर काळविटाच्या जवळ जाण्यास आडोसा नाहीं, तेथें तिरापेक्षां फासाच शहाणपणाचा. आतां इ. स. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें दोन्ही बंद झाले, आणि तें योग्यच झालें. येडशीच्या रामलिंगाची दरी तर अभयारण्यच आहे. जटायूला पाणी मिळावें म्हणून रामानें बाण मारून झरा काढला, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. त्या दरींत बाण ऐकावयाचा तो याच कथेंत.

सराव उरला. इ. स. २०२३ त बर्लिन येथें सातारच्या अदिति स्वामीनें व नागपूरच्या ओजस देवतळ्यानें जागतिक अजिंक्यपदें मिळविलीं, तेव्हां वर्तमानपत्रांत त्यांचीं चित्रें आलीं, धनुष्यांचीं वर्णनें आलीं. काठीविषयीं पुन्हा कोणी लिहिलें नाहीं. इ. स. १९३९ त ईस्टननें अमेरिकेंत ॲल्युमिनियमचे बाण केले, त्यापुढें कोळशाच्या धाग्यांच्या काठ्या आल्या. त्यांना कीड लागत नाहीं, पावसाचें भय नाहीं, आणि एक काठी दुसरीसारखी असते. पण त्यांतहि चीर पडते. म्हणून जपून वागणारा तिरंदाज बाण मारून आणल्यावर तो दोन्ही हातांनीं किंचित् वांकवून कानापाशीं धरतो, आणि कडकड ऐकूं येते कीं काय तें पाहतो.

गेल्या नवरात्रांत आम्ही तुळजापुरास गेलों होतों. बाजारांत कामट्यांचीं धनुष्यें व पुढें पत्र्याची अणी बसविलेले लहान बाण विकावयास होते. आमच्या नातवानें एक जोडी घेतली, आणि महाद्वाराच्या बाहेर पडतों न पडतों तोंच पहिला बाण पायरीवर मारला. अणीच्या मागें बोटभर अंतरावर तो चिरला. पोर रडूं लागला, तेव्हां विकणाऱ्या बाईनें बाण परत मागितला, कनवटीचा दोरा दांतांनीं तोडला, ओठांनीं ओला केला, आणि चिरेवर आठदहा वेढे घट्ट गुंडाळून गांठ मारून दिली. "आता जरा वाळू दे," ती म्हणाली.